वाढत्या अंगाचं ब्लेड मिळत नाही, बॉस!

सात इंची ब्लेड म्हणजे दहा इंची ब्लेडचं पिल्लू नव्हे. फिगर स्केटिंगच्या दुकानात कार्ड काढण्याआधी हा फंडा क्लिअर असलेला बरा.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी 'वाढत्या अंगाचं' काहीतरी घातलेलं आहे. जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म गुडघ्याखाली लोंबायचा. तो अंगाला बरोबर बसेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. बुटांचं तर विचारूच नका. पुढे कापसाचा बोळा कोंबायचा, दोन मोजे चढवायचे आणि 'बघ, आता होतोय की नाही?' या प्रश्नावर मुकाट मान डोलवायची. यात कुणाचं काही चुकलं असं नाही. महिन्याचं बजेट असंच चालायचं.

आता हीच पिढी ऑनसाइट जाता जाता टोरोंटो, मिनिआपोलिस नाहीतर न्यू जर्सीला स्थिरावली आहे. तिकडे थंडी सुरू झाली की पोरीच्या वर्गातल्या मैत्रिणी बर्फाच्या रिंकवर जाऊ लागतात. मग आपलीही हट्ट धरते. महिनाभर भाड्याच्या स्केट्सवर निघतो, आणि मग एका वीकेण्डला अख्खं कुटुंब स्केट्सच्या दुकानात. फोनवर पुण्याची आजी हजर असतेच. 'अरे, दोन साइझ मोठेच घे, अजून दोन हिवाळे निघतील!'

आजीचं गणित कपड्यांना, सायकलला, अगदी स्वेटरलाही लागू पडतं. फिगर स्केट्सना मात्र नाही. त्याचं कारण बुटाखाली स्क्रूने बसवलेल्या त्या पोलादी पट्टीत दडलंय. तिचा साइझ बदलला की काही गोष्टी बदलतात, काही अजिबात बदलत नाहीत, आणि सगळी गंमत या न बदलणाऱ्या गोष्टींमध्ये आहे.

सुरी नव्हे, पन्हळ!

आधी एक गैरसमज काढून टाकू. स्केटचं ब्लेड सुरीसारखं धारदार आणि पातळ असतं, असं आपल्याला वाटतं. टीव्हीवर तसंच दिसतं. प्रत्यक्षात फिगर स्केटचं ब्लेड साधारण 4 मिलिमीटर जाड असतं. हॉकीवाल्यांचं त्याहून पातळ, 3 मिलिमीटरच्या आसपास. आणि या जाड पट्टीचा तळ सपाट नसतो. त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक पन्हळ कोरलेली असते, कौलारू घराच्या वळचणीला असते ना, तशी उलटी. या पन्हळीच्या दोन काठांना म्हणतात 'एज'. पायाच्या आतल्या बाजूचा काठ म्हणजे इनसाइड एज, बाहेरच्या बाजूचा आउटसाइड एज. स्केटर बर्फावर जी सुंदर वळणं घेतो, ती या दोनपैकी एका काठावर कलून. दोन्ही काठांवर सरळ उभं राहणं हे नवशिक्याचं लक्षण.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्लेड लांबीलाही सरळ नसतं. बाजूने बघितलंत तर आजोबांच्या डुलत्या खुर्चीच्या पायासारखं ते किंचित गोलाईत असतं. या गोलाईला 'रॉकर' म्हणतात. पुढे, पायाच्या चवड्याखाली ही गोलाई एकदम तीव्र होते. भिंगरीसारखे स्पिन घेतात ते याच जागेवर. आणि सर्वात पुढे करवतीसारखे दात, म्हणजे टो पिक. उडी मारताना बर्फात टोचायला उपयोगी, आणि नवशिक्याला तोंडावर पाडायलाही तितकेच उपयोगी. पहिल्या दिवशी जे पडतात त्यातले बरेचसे या दातांवर अडखळून. चालताना आपण चवड्याने मागे रेटतो. स्केट्सवर तेच करायला गेलं की दात रुततात आणि आपण दंडवत घालतो.

म्हणजे लांबी, रॉकर, पन्हळ, दात आणि जाडी. एवढ्या पाच गोष्टी लक्षात ठेवा. आता साइझकडे वळू.

सात फुटांचं वर्तुळ

फिगर स्केटिंगच्या ब्लेड्सची पंढरी म्हणजे इंग्लंडमधलं शेफील्ड. सुऱ्या-कात्र्यांचं जुनं गाव. तिथली जॉन विल्सन ही कंपनी आपलं मूळ 1696 सालापर्यंत नेते, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर अवघ्या सोळा वर्षांनी! याच गावातलं दुसरं मोठं नाव एमके. जॉन विल्सनची कॉरोनेशन एस, पॅटर्न 99, गोल्ड सील, किंवा एमकेची फँटम, गोल्ड स्टार ही नावं स्केटर मंडळी आपण मोबाइलच्या मॉडेल्सबद्दल बोलतो तशी बोलतात, तितक्याच पोटतिडकीने.

कुठल्याही कॅटलॉगमध्ये मॉडेलच्या नावापुढे रॉकरचा आकडा छापलेला असतो. कॉरोनेशन एस : 7 फूट. पॅटर्न 99 : 8 फूट. याचा अर्थ, ब्लेडची गोलाई पुढे वाढवत नेऊन पूर्ण वर्तुळ काढलं तर त्याची त्रिज्या 7 किंवा 8 फूट येईल. आणि इथे लक्ष द्या. हा आकडा मॉडेलचा असतो, साइझचा नाही. सहा वर्षांच्या पोरीसाठी 7 इंची ब्लेड घ्या नाहीतर तिच्या बाबांसाठी 10 इंची, कॅटलॉग तोच आकडा सांगतो.

मग काय होतं? शाळेतली भूमिती थोडी आठवा. फार नाही, एवढीच. 7 फुटांच्या त्याच वर्तुळातून एक 10 इंचांचा तुकडा कापला आणि एक 7 इंचांचा. 10 इंची तुकडा बरोबर मध्यावर टेकवला, तर त्याची दोन्ही टोकं जमिनीपासून सुमारे 3.8 मिलिमीटर उचललेली राहतात. 7 इंची तुकड्याची टोकं जेमतेम 1.9 मिलिमीटर. लांबी तीस टक्क्यांनी कमी झाली, पण टोकांची उंची चक्क अर्ध्यावर आली. म्हणजे छोटं ब्लेड हे मोठ्या ब्लेडची झेरॉक्स नाहीच. ते मोठ्यापेक्षा सपाट आहे.

हेच पायाच्या भाषेत सांगायचं तर, पुढचा तीव्र गोलाईचा भाग बाजूला ठेवून नुसता मुख्य रॉकर धरला, तर मोठ्या ब्लेडवर मध्यापासून टोकापर्यंत पोहोचायला पाऊल साधारण साडेतीन अंश कलावं लागतं. छोट्या ब्लेडवर अडीच अंशांच्या आतच टोक येतं. बाबांना चूक सुधारायला जेवढी जागा मिळते, तेवढी पोरीला मिळत नाही. ती जरा पुढे झुकली की आले दात. जरा मागे कलली की ब्लेडची शेपटी संपली. एवढ्या तुटपुंज्या जागेवर ती दोन आठवड्यांत उलटं स्केटिंग करायला लागते आणि बाबा अजून कठडा धरून उभे असतात, हा भाग वेगळा.

मग छोट्या ब्लेडला छोटंच वर्तुळ का देत नाहीत? प्रमाणात ठेवायचं तर 7 इंची ब्लेडला पाच फुटांच्या आसपासचा रॉकर हवा. वाजवी प्रश्न आहे, आणि स्केटिंगवेडे लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते एक उत्तर बर्फातच आहे. ब्लेड अख्खं कधीच बर्फाला टेकत नाही. कुठल्याही क्षणी त्याचा एक छोटासा तुकडा टेकलेला असतो, आणि तो तुकडा किती लांब असणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : गोलाईची त्रिज्या आणि वरून पडणारं वजन. ब्लेडची एकूण लांबी त्या हिशेबात येतच नाही. बर्फाला तुमचा साइझ कळत नाही! त्रिज्या कमी केली की टेकणारा तुकडा आखूड होतो. वळायला सोपं जातं, पण सरळ घसरताना ब्लेड डुगडुगतं. सहा वर्षांच्या मुलीला आधीच डुगडुगायला पुष्कळ कारणं असतात. त्यात ही एक भर कशाला?

दुसरं कारण व्यवहाराचं. मुलं वाढतात. दर वर्षी-दीड वर्षाने ब्लेड बदलताना प्रत्येक वेळी वर्तुळही बदललं, तर पायाने शिकलेलं सगळं पुन्हा नव्याने शिकावं लागेल. वर्तुळ तेच राहिलं तर निदान ती एक गोष्ट ओळखीची राहते.

आणि दात? तेही पायाच्या साइझपेक्षा स्केटरच्या लेव्हलप्रमाणे बदलतात. नवशिक्यांच्या मॉडेलला लहान, नम्र दात. दुहेरी-तिहेरी उड्या मारणाऱ्यांच्या मॉडेलला मोठे आणि आक्रमक. म्हणूनच 'पुढे लागेलच' असं म्हणत सुरुवातीलाच महागडं मॉडेल घेणं हा आजीच्या 'दोन साइझ मोठे'चाच ऑनसाइट अवतार आहे. लांबीत नाही, लेव्हलमध्ये वाढत्या अंगाचं!

दोन केसांचा मामला

रॉकर साइझप्रमाणे बदलत नाही, हे झालं. तळाच्या पन्हळीची गोष्ट मात्र वेगळी. पन्हळ कारखान्यात एका ठराविक मापाची येते, पण ती प्रत्येक वेळी धार लावताना बदलता येते. आणि इथे माणसाचा आकार, म्हणजे खरंतर वजन, थेट मध्ये येतो.

पन्हळ हीसुद्धा एका वर्तुळाचा तुकडा. त्या वर्तुळाची त्रिज्या इंचाच्या अपूर्णांकात सांगतात. अर्धा इंच हा मधला, सर्वसाधारण आकडा. 4 मिलिमीटर जाडीच्या ब्लेडवर अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ किती खोल असते माहितेय? साधारण 0.16 मिलिमीटर. माणसाचे दोन केस एकावर एक ठेवा, तेवढी. तीन अष्टमांश इंच केली तर खोली 0.2 मिलिमीटरच्या थोडी वर जाते. पाच अष्टमांश केली तर 0.13 वर येते. एवढ्याशा फरकावर कुणी पकडीने वळतं आणि कुणी सरळ कठड्याकडे घसरत जातं.

ढोबळ नियम असा : हलक्या माणसाला खोल पन्हळ, जड माणसाला उथळ. पंचवीस किलोच्या मुलीच्या वजनाने काठ बर्फात पुरेसे रुतत नाहीत, म्हणून तिला जरा जास्त टोकदार काठ लागतात. पंच्याहत्तर किलोच्या बाबांना तीच पन्हळ दिली तर ब्लेड इतकं रुतेल की थांबायला गेले तर अडखळतील. म्हणजे बाप-लेकीने एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच मशीनवर धार लावून घेतली आणि मशीनवाल्याने माप बदललं नाही, तर दोघांपैकी एकाची शामत आहे.

पूर्वी तर एकाच स्केटरकडे दोन वेगळ्या पन्हळींच्या जोड्या असत. स्पर्धेत बर्फावर आठच्या आकड्यासारख्या आकृत्या गिरवाव्या लागत, ज्यावरून या खेळाला 'फिगर' हे नाव मिळालं. त्यासाठी अगदी उथळ पन्हळीचं ब्लेड, म्हणजे रेघ स्वच्छ उमटते. उड्यांसाठी दुसरी जोडी. 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या आकृत्या गेल्या आणि नाव तेवढं मागे उरलं.

लांबी वाढली की...

जाडीचं बघा. 7 इंची ब्लेड असो वा 10 इंची, पोलादाची जाडी साधारण तेवढीच. आता कुठलीही पट्टी लांब केली की ती किती जास्त वाकते, याचा नियम फार क्रूर आहे. जाडी, रुंदी आणि भार तोच ठेवला तर वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 7 चे 10 इंच केले तर जवळजवळ तिप्पट! वर बाबांचं वजन लेकीच्या तिप्पट. ब्लेड बुटाला पुढे आणि टाचेला अशा दोन ठिकाणी घट्ट बसवलेलं असतं, म्हणून प्रत्यक्षात ते केळीच्या पानासारखं वाकत नाही. पण उडीवरून उतरताना एका पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि मोठ्या साइझच्या स्केटरला हा फरक जाणवतो. वरच्या श्रेणीत हल्ली कार्बन फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या अंगाची आणि खाली पोलादी धावपट्टी असलेली ब्लेड्स मिळतात, ती हलकेपणासाठी आणि ताठपणासाठी. किंमतही ताठच : चांगल्या मॉडेलची नुसती जोडी, बुटांशिवाय, 600 डॉलरच्या पुढे सहज जाते.

लांबी कमी करण्याचीही एक खास जागा आहे. आइस डान्समध्ये दोघं इतकी खेटून, एकमेकांच्या पायात पाय गुंफून स्केटिंग करतात की ब्लेडची मागची शेपटी जोडीदाराच्या ब्लेडवर पडायची भीती असते. म्हणून डान्सच्या ब्लेडची शेपटी आखूड कापलेली असते. उड्या मारणाऱ्याला मात्र ती शेपटी लागते, कारण तो उलटा, मागच्या दिशेने उतरतो आणि तोल सावरायला त्याला मागे आधार हवा असतो.

तसं बघायला गेलं तर उड्यांचा इतिहास लांबलचक ब्लेडवरच सुरू झाला. नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसनने 1882 साली व्हिएन्नामध्ये दीड फेरीची ती प्रसिद्ध उडी मारली, तेव्हा त्याच्या पायात फिगरचे नव्हे, तर शर्यतीचे लांब स्केट्स होते. त्याच्या नावाच्या या 'ॲक्सल'मध्ये साडेचार फेऱ्या घ्यायला जगाला 140 वर्षं लागली. सप्टेंबर 2022 मध्ये लेक प्लॅसिडला इलिया मालिनिनने स्पर्धेत ती पहिल्यांदा मारली.

पाय वाढला, उडी हरवली

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. या खेळात लहान शरीराला फार मोठा भाव आहे. नॉर्वेची सोन्या हेनी 1924 च्या शामोनी ऑलिम्पिकमध्ये उतरली तेव्हा अकरा वर्षांची होती. आठ जणींत आठवी आली आणि मग पुढची सलग तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. तारा लिपिन्स्की 1998 मध्ये नागानोला जिंकली तेव्हा पंधरा वर्षांची, उंचीने पाच फुटांच्याही आत. रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोव्हाने 2018 च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत दोन वेगवेगळ्या चौपट उड्या मारल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दुसऱ्या टोकाला 2010 चा ऑलिम्पिक विजेता इव्हान लायसाचेक, सहा फुटांहून उंच. लिपिन्स्की आणि लायसाचेक यांच्या पायातली ब्लेड्स शेजारी ठेवली असती तर एकाच खेळाची आहेत यावर आपला विश्वास बसला नसता.

या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक मुलीच्या आयुष्यात एक वर्ष येतं, जेव्हा सगळं बिनसतं. उंची वाढते, कंबर रुंदावते, हात लांब होतात. गोल फिरणारं शरीर रुंद झालं की त्याच जोरात कमी फेऱ्या होतात; हा मुख्य मुद्दा, आणि तो ब्लेडच्या हातात नाही. पण नेमकं त्याच वर्षी पायही वाढतो. बुटाचा एक साइझ म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटर. ब्लेडही कंपनीप्रमाणे पाव किंवा तृतीयांश इंचाच्या पायऱ्यांनी वाढतं. नवा बूट, नवं ब्लेड, ते बसवण्याची नवी जागा. जिथे दोन केसांच्या पन्हळीने फरक पडतो, तिथे साडेआठ मिलिमीटर म्हणजे परक्या घरात अंधारात स्विच शोधण्यासारखं. गेल्या महिन्यात डोळे मिटून मारलेली उडी आता सापडत नाही. मुलगी रडते, आई-बाबा कोचकडे बघतात, कोच म्हणतो थांबा.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने जून 2022 मध्ये सीनियर स्पर्धांचं किमान वय टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 वर नेलं. मुलींच्या शरीराचा आणि मनाचा विचार करून. माझं मत विचाराल तर हे बरंच आधी व्हायला हवं होतं. निदान पाय वाढून थांबेपर्यंत तरी पदकाची घाई नको.

मग दुकानात काय करायचं?

सगळ्यात आधी, ब्लेड पायावरून नव्हे तर बुटाच्या तळव्यावरून निवडतात. बूट पक्का करा, तळव्याची लांबी मोजू द्या, आणि ब्लेड तळव्यापेक्षा अगदी किंचित आखूड घ्या. लांब कधीच नको. वाढत्या मुलीसाठी जाणकार दुकानदार बुटात फार तर अर्ध्या साइझची मोकळीक देतात.

आजीच्या सल्ल्याने दोन साइझ मोठं घेतलं तर काय होतं ते बघा. दोन साइझ म्हणजे 17 मिलिमीटर. नाडी आवळल्यावर टाच मागे जाऊन बसते, त्यामुळे चवडा जिथे असायला हवा त्याच्या एक सेंटीमीटरहून जास्त मागे राहतो. ज्या जागेवर स्पिन घ्यायचा ती जागा पोरीच्या चवड्याखाली नाहीच, बोटांच्या दिशेने पुढे सरकलेली. घोट्याला आधार द्यायला बूट जिथे ताठ केलेला असतो, ती जागाही चुकते, आणि घोटा आत मुडपतो. मग सगळे म्हणतात, 'हिचे घोटेच नाजूक आहेत.' घोटे छान असतात हो! बूट ढगळ असतो.

आपल्याकडे पोरांना इनलाइन स्केट्स घेतो तेव्हा बटण दाबून चार साइझपर्यंत वाढणारे मिळतात. बर्फाचेही तसे मिळतात, मजेपुरते ठीक आहेत. पण त्यात वाढतो तो बूट. खालचं ब्लेड आहे तेवढंच राहतं.

पैसे वाचवायचे असतीलच (आणि कुणाला नको असतात?) तर आजीचं गणित उलटं करा. बूट वाढला तरी ब्लेड लगेच बदलायलाच हवं असं नाही. पाव इंच आखूड ब्लेड नव्या, थोड्या मोठ्या बुटाखाली लावून आणखी एक हिवाळा निघतो. काटकसर होते, फक्त ती मोठ्याकडून नव्हे तर छोट्याकडून. सेकंड हँड जोडीही वाईट नाही. पण ब्लेड हातात घेऊन बाजूने नीट बघा. प्रत्येक धारेला थोडं पोलाद झिजतं, आणि हयगयीने धार लावणाऱ्यांच्या हातून पुढची नाजूक गोलाई हळूहळू सपाट होते. खालचा मोठा दात कुणी घासून छोटा केला असेल तर ती जोडी कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

नवीन ब्लेड बसवताना आधी थोडेच स्क्रू, तेही लांबट भोकांमध्ये लावून घ्या. त्यामुळे ब्लेड डावी-उजवीकडे काही मिलिमीटर सरकवता येतं. दोन-चार वेळा बर्फावर जाऊन पोरगी सरळ घसरतेय का ते बघा. एका पायावर उभी राहिली की दर वेळी एकाच बाजूला ओढली जात असेल तर दोष तिचा नाही, ब्लेड सरकवायला हवं. मग बाकीची भोकं पाडा. धार लावताना मशीनवाल्याला पन्हळीचं माप विचारा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा माणूस असेल तर तोच आकडा सांगता येतो. साधारण 20 ते 40 तासांच्या स्केटिंगनंतर धार लागते. रोज नाही, आणि 'अजून चालतंय की' म्हणत वर्षभराने तर नाहीच.

भारतात राहून हे सगळं करायचं असेल तर वाट लांबची आहे. सिमल्याचं रिंक 1920 पासूनचं, पण ते उघड्यावर, थंडीच्या भरवशावर. डेहराडूनचं हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं गेलं. भारताची राष्ट्रीय विजेती ठरलेली तारा प्रसाद वाढली ती अमेरिकेत. मुंबई-पुण्याच्या मुलांची चाकांवरची तयारी मात्र जबरदस्त असते, आणि चाकांवरून बर्फावर गेलेल्यांना तोल शिकवावा लागत नाही. त्यांना नवे असतात ते काठ आणि दात.

आणि ऑनसाइट संपवून परत येताना पोरीची पहिली जोडी आठवण म्हणून आणणार असाल, तर एक करा. चांगली ब्लेड्स बहुतेक कार्बन स्टीलची असतात. वरून क्रोमचा मुलामा, पण धारेच्या काठावर पोलाद उघडंच. मुंबईचा एक पावसाळा त्यांना पुरेसा आहे. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा, प्लॅस्टिकची कडक कव्हरं काढून कापडी घाला, आणि मगच माळ्यावर टाका.